हिवाळ्यात तापलेल्या गाड्या

उन्हाळ्यात गाडी तापते हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. वर्ध्याच्या मे महिन्यात माणूस तापतो, भिंत तापते, नळाची तोटी हाताला चटका देते. गाडीनं तेवढं थंड राहावं अशी अपेक्षा कुणी करू नये. पण आमच्या जिल्ह्यात गाड्या ऐन हिवाळ्यातही तापतात, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. अंगात स्वेटर, कानाला मफलर आणि समोर बॉनेटमधून भसाभसा वाफ सोडणारी मोटार. ती ढकलत आणणारी माणसं घामाघूम, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: "सायेब, एवढ्या थंडीत हे काऊन तापून राह्यली?"

वर्ध्यातल्या एका मोटार एजन्सीच्या वर्कशॉपमध्ये मी सर्व्हिस इंजिनिअर होतो. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर लागलो आणि ऐंशीचं दशक सरेपर्यंत तिथेच राहिलो. नाचणगावच्या पलीकडे आमचं खेडं. घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकच्या पुढे गेलं नव्हतं. शाळेतल्या गुरुजींनी वडिलांपुढे बसून, अक्षरशः हट्ट करून, मला नागपूरला इंजिनिअरिंगला पाठवायला लावलं. डिग्री हातात घेऊन मी एजन्सीचे मालक भैयाजी यांच्यासमोर उभा राहिलो, तेव्हा मला साधं पंक्चर काढता येत नव्हतं. ते म्हणाले, "कागद चांगला आहे तुझा. आता हात काळे कर." त्या एका वाक्यावर माझं घर उभं राहिलं. गुरुजी आणि भैयाजी या दोघांचं ऋण मी आजही मानतो, आणि पुढे जे सांगणार आहे त्यात त्या ऋणाचा थोडा भार होता, म्हणून हे आधी सांगितलं.

माझं काम तक्रारी ऐकण्याचं. गाडी तापते, वास येतो, धूर येतो, वायर जळते, अशा तक्रारी माझ्याकडे यायच्या. लोकांना वाटतं, मेकॅनिकला इंजिन कळलं की झालं. पण निम्मं काम गाडीवाल्याचं ऐकण्याचं असतं, कारण गाडीनं काय केलं हे तो सांगतो आणि त्यानं गाडीला काय केलं हे सांगत नाही.

वर्ध्यातल्या एका वकिलांची गाडी दर महिन्याला तापायची. मी आत बसून पाहिलं तर उष्णता दाखवणाऱ्या काट्यावर चक्क काळी चिकटपट्टी. विचारलं, तर वकीलसाहेब म्हणाले, "काटा लाल रंगाकडे गेला की आमच्या सौ. घाबरतात हो. प्रवासाची मजा जाते." मी पट्टी काढली. पुढच्या महिन्यात ती परत लागलेली होती, फक्त या वेळी पांढरी.

दसऱ्यानंतरचा आठवडा आमच्याकडे ठरलेला गर्दीचा. गाडीची पूजा व्हायची आणि झेंडूचा हार, जेवढी ऐपत तेवढा जाड, पुढच्या जाळीवर बांधला जायचा. तो काढणं म्हणजे अपशकुन. हार वाळायचा, पाकळ्या आत रेडिएटरच्या पत्र्यांत जाऊन बसायच्या आणि गाडी सेलूच्या पुढे जात नसे. मी चिमट्यानं पाकळ्या काढायचो. एकदा देवळीकडच्या एका पाटलांना मी म्हणालो, "काका, हार टपावर बांधा, तोंडावर बांधू नका." ते म्हणाले, "पूजा तोंडाची करतेत का टकल्याची?"

या पाटलांनाच समजावताना मला एक सोपी रीत सापडली. इंजिनात पेट्रोल जळतं, त्यानं ते तापणारच. ती उष्णता उचलायला पाणी इंजिनाभोवती फिरतं आणि समोरच्या रेडिएटरमध्ये येतं. तिथे बारीक नळ्या आणि त्यांच्यामध्ये पातळ पत्रे असतात. त्यांतून वारा जातो आणि पाणी निवतं. पाणी भरलेलं असूनही वारा अडला, तर काही उपयोग नाही. पाटलांना म्हणालो, "बैलाला पाणी पाजलं आणि तोंडावर पोतं बांधून नांगराला जुंपलं, तर?" ते एकदम गंभीर झाले. "हे अगोदर सांगाचं ना बा," म्हणाले. त्यानंतर त्यांची गाडी त्या कारणानं कधी आली नाही.

आता हिवाळ्याचं. आमचा जिल्हा कापसाचा. दिवाळीनंतर जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचं काम, सुरू झालं की हिंगणघाट, पुलगाव, देवळी या भागांत हवेतच कापूस असतो. रस्त्याच्या कडेच्या बाभळींवर कापूस, तारांवर कापूस, माणसांच्या भुवयांवर कापूस. त्या हवेतून जाणारी प्रत्येक गाडी तो आत ओढते. रेडिएटरच्या पत्र्यांत तंतू अडकतात, त्यावर धूळ बसते, आणि काही दिवसांत तिथे घोंगडीसारखा दाट नमदा तयार होतो. थंडीत गाडी तापते ती यानं. बरं, नुसती तापत नाही. इंजिनाच्या खालच्या भागात तेलानं ओला झालेला कापूस साठत जातो. समईत आपण वेगळं काय ठेवतो?

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. हिंगणघाटकडचे एक जिनिंगवाले, त्यांना मी इथे मदनशेठ म्हणतो, एका सकाळी वर्कशॉपमध्ये आले. पांढरे कपडे, डोकं नुकतं मुंडन केलेलं. एरवी ते आले की आधी चहा मागवायचे, मग मेकॅनिकांची थट्टा करायचे. त्या दिवशी ते उभेच राहिले.

त्यांची मोटार नागपूर रस्त्यावरच्या जाम गावच्या चौकात जळाली होती. ड्रायव्हर वामनराव त्यांच्या आईला, सगळे ज्यांना माजी म्हणत त्यांना, डोळ्यांच्या डॉक्टरकडे नागपूरला घेऊन निघाला होता. जामला गाडी तापली, थांबवली आणि पेटली. वामननं माजींना ओढून बाहेर काढलं, पण त्या भाजल्या होत्या. काही दिवसांनी दवाखान्यातच वारल्या. तेरवी करून शेठ माझ्यासमोर उभे होते.

"इंजिनिअर साहेब, गाडी तुमच्या इथून सर्व्हिसिंग होऊन गेली होती. तुम्ही म्हणता सगळं बरोबर केलं. वामन म्हणते पाणी टाकून निंघालो होतो. मंग माझी माय कायनं मेली? तुम्हा दोघांतून कोणाचं चुकलं, तेवढं मले सांगा. दुसरं काही नाई पायजे."

ते गेल्यावर भैयाजींनी मला आत बोलावलं. "पोलिसांनी ड्रायव्हरवर हयगयीचा गुन्हा टाकला आहे, लायसन्स घेतलं आहे. त्याची चूक निघाली तर आपण सुटलो," ते म्हणाले. मग बराच वेळ काचेचा पेपरवेट फिरवत बसले. "पण तू पाहून ये. पाहिल्यावर जे असेल ते."

हे शेवटचं वाक्य ते बोलले नसते, तर मी काय केलं असतं, कुणास ठाऊक. बोलले, हे त्यांचं मोठेपण.

जळालेली गाडी जिनिंगच्या आवारात आणून टाकली होती. जळालेल्या गाडीला एक वास असतो. रबराचा, रंगाचा आणि आणखी कशाचा तरी. तो कपड्यांत राहतो. मी आधी इंजिनाच्या ब्लॉकचा खालचा नळ सोडला. गंजलेलं लाल पाणी बाहेर आलं, आणि येतच राहिलं. म्हणजे वामन खरं बोलत होता. आमच्या वर्कशॉपनं बसवलेली पेट्रोलची नळी जळून गेली होती, पण तिच्या दोन्ही टोकांचे क्लिप घट्ट होते. मग तापली कशानं?

उत्तर रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यात होतं. तिथे वितळलेल्या नायलॉनचे काळे थेंब चिकटले होते, आणि बंपरच्या आडोशानं वाचलेला एक कापसाचा पट्टा. मी तो बोटांनी सोडवला. गोधडीसारखा जाड आणि घट्ट. त्यात नायलॉनची जाळी गुंतलेली होती.

मी मान वर केली. आवारात उभ्या असलेल्या शेठच्या प्रत्येक गाडीच्या तोंडावर, ट्रकच्या, जीपच्या, मच्छरदाणीच्या कापडाची जाळी ताणून बांधलेली होती.

"ही कुणी लावली?" मी जिनिंगच्या मुनीमजींना विचारलं.

"शेठजींचं डोकं आहे हे," मुनीमजी कौतुकानं म्हणाले. "कापूस आत जाऊच नाई. आता दुसरे जिनवालेही लावून राह्यले."

मला मानावं लागलं की कल्पना शहाणपणाची होती. कापूस आत जात नव्हता. तो जाळीवर बसत होता. दिवसभरात त्याची रजई व्हायची. वारा बंद, तर पाणी असून नसल्यासारखं. जाळी रोज झटकली तर ठीक. एक दिवस राहिली, तर बैलाच्या तोंडावर पोतं.

वामनरावाचं घर गावाच्या टोकाला होतं. तो ओट्यावर बसला होता, दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत. बायको बशीनं चहा पाजत होती. मला पाहून तिनं बशी खाली ठेवली आणि डोक्यावरचा पदर नीट केला.

"एजन्सीवाले का?" ती म्हणाली. "या, लिहा, तुमचंही लिहा. पोलिसाईनं लिहिलं, गाववाल्याईनं लिहिलं. याच्यानंच बुढी मेली म्हणून सांगते सारे. हात भाजले ते नाई दिसत कोणाले."

"गप वो," वामनराव म्हणाला. मग मला, "बसा सायेब. इचारा."

त्यानं सांगितलं ते असं. जामच्या अलीकडेच काटा वर गेला. त्यानं चौकात चहाच्या टपरीपाशी गाडी उभी केली. माजींना म्हणाला, उतरा. त्या म्हणाल्या, "कायले उतरवतं रे? गुडघे माझे धरले. तू पाह्य तुझं, मले बसू दे." तो पुढे गेला. बॉनेटच्या फटीतून धूर येत होता. त्याला वाटलं वाफच आहे. टपरीवरची माणसं धावत आली. सगळी ओरडत होती, "खोल, खोल, बॉनेट खोल!" एकाच्या हातात पाण्याची बादली.

"मी खोललं," वामनराव म्हणाला. "पुरं वर केलं. अन् सायेब, जाळ असा वर आला का मले काई दिसलंच नाई. आतमंदी बी गेला, पाय ठेवाच्या जागेतून. मंग मी दाराकडे पयालो."

इथे या धंद्याबाहेरच्या वाचकांना एक गोष्ट समजावली पाहिजे. गरम इंजिन बंद केलं की आतली उष्णता आणखी वाढते, कारण पाणी फिरणं थांबतं. कार्बुरेटरमधलं पेट्रोल उकळून खाली गळतं. खाली तापलेला एक्झॉस्ट आणि रस्त्यावरून उडून साचलेला तेलकट कापूस. आग लागते ती अशी, गाडी थांबल्यावर. तोवर ती कोंडलेली असते, धुमसते. बॉनेट पूर्ण उघडलं की तिला एकदम हवा मिळते. आणि पेट्रोलच्या आगीवर बादली ओतली तर पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं. बॉनेट बोटभर उचलायचं आणि फटीतून माती, वाळू फेकत राहायची. त्याआधी माणसं उतरवायची. पण धूर दिसला की बॉनेट उघडायचं, हे आपल्याकडे सगळ्यांच्या हातात बसलेलं. मी कितीतरी जळालेल्या गाड्या पाहिल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांची बॉनेट उभी होती.

मी विचारलं, "त्या दिवशी जाळी झटकली होती?"

बायकोच बोलली, "सांगा ना आता. का तेही गिळता?"

"सकाळपासून पाहुण्या व्यापाऱ्याले आणणं-नेणं चालू होतं," तो म्हणाला. "निंघताना मी म्हटलं, शेठजी, जाळी झटकतो. ते म्हणाले, डाक्टरची येळ चुकंल, आल्यावर झटक."

"हे पोलिसांना का नाही सांगितलं?"

"कसं सांगू सायेब? त्याईची माय गेली." मग पट्ट्यांतल्या हातांकडे पाहत म्हणाला, "एक सांगा. मी बॉनेट नसतं खोललं, तं माजी वाचली असती का?"

मी म्हणालो, शेठसमोर सांगतो.

शेठच्या पेढीवर मी वामनरावाला बरोबर घेऊन गेलो. तो दाराशी उभा राहिला. मी तो कापसाचा पट्टा शेठपुढच्या पांढऱ्या चादरीवर ठेवला आणि सगळं सांगितलं. पाणी होतं. नळी घट्ट होती. वारा बंद होता, जाळीनं. आग कोंडलेली होती, ती बॉनेट उघडल्यानं भडकली. दोन्ही गोष्टी मी एकाच आवाजात सांगायचा प्रयत्न केला. एकीकडे आवाज चढला असता तर मी कुणाची तरी बाजू घेतली असं झालं असतं.

शेठ त्या पट्ट्याला हात लावेनात. आत कुठेतरी जिनची यंत्रं चालू होती, त्यांची थरथर गादीखाली जाणवत होती.

"हा म्हणाला होता," शेठ म्हणाले. माझ्याकडे नाही, भिंतीकडे पाहून. "जाळी झटकतो म्हणाला होता. मी नाई म्हटलं." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "इंजिनिअर साहेब, जाळी नसती तं?"

दोघांनी मला एकच प्रश्न विचारला होता. मी म्हणालो, "शेठजी, जाळी नसती तर गाडी तापली नसती. बॉनेट उघडलं नसतं तर आग आत जायला वेळ लागला असता. तेवढ्या वेळात माजी बाहेर आल्या असत्या का, हे मला माहीत नाही. गाडी पाहून ते कळत नाही."

मुनीमजी पुढे होऊन म्हणाले, "शेठजी, होनहार असते, कपाळी लिहिलेलं..."

"चूप राहा," शेठ म्हणाले. "होनहारनं जाळी नाई बांधली."

मग त्यांनी वामनरावाकडे पाहिलं. "तू मले हे सांगितलं काऊन नाई? दवाखान्यात मी तुले शिव्या दिल्या. सगळ्याईसमोर दिल्या."

"तुमी आयकून घेतलं असतं का शेठजी, तवा?" वामनराव म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शेठ ठाण्यात गेले आणि आपलं म्हणणं लिहून दिलं. वामनरावाचं लायसन्स पुढे परत मिळालं. पण हात बरे झाले तरी बोटं आखडलेलीच राहिली. स्टिअरिंग त्यांच्यात धरता येईना. शेठनं त्याला फाटकावर ठेवलं, गाड्यांच्या आवक-जावकवर. त्याच्या बायकोनं शेठच्या घरची पायरी मात्र पुन्हा चढली नाही. सणावाराला बोलावणं यायचं, ती जात नसे. मी तिला दोष देऊ शकत नाही.

मला खंत आहे ती याची, की माझ्या विद्येला जळाल्यानंतरच काम मिळतं. जळाली नाही त्या गाडीचा मालक माझ्याकडे कशाला येईल?

पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला शेठनं मला काटापूजनाला बोलावलं. कापसाची खरेदी सुरू होण्याआधी वजनकाट्याची पूजा करतात. नारळ फुटला, पेढे वाटले गेले. आवारात ट्रकवाले, टेम्पोवाले, जीपवाले जमले होते. गाड्यांच्या तोंडावर नव्या हंगामाच्या नव्या जाळ्या चढलेल्या, शेठच्या गाड्या सोडून.

शेठ म्हणाले, "साहेब दोन शब्द सांगतील, आयकून घ्या."

मी रेडिएटर आणि वारा सांगायला लागलो. कुणी पेढा खात होतं, कुणी शेजाऱ्याला कोपरानं ढोसत होतं. एक आडदांड ट्रकवाला मोठ्यानं म्हणाला, "सायेब, आमच्या गाडीले थंडी वाजते, तिले मच्छरदाणी लागते!" सगळे हसले. दुसरा म्हणाला, "अबे, तुह्या गाडीचं लगन करून दे आता." पुन्हा हशा. मला सभेत बोलायची सवय नव्हती. पुढचं वाक्य आठवेना.

तेव्हा शेठ उठले. पगडी नीट केली आणि माझ्या बाजूला येऊन उभे राहिले.

"ती जाळी पहिले मी बांधली होती," ते म्हणाले. "या जिल्ह्यात पहिले मी. तुमी माझी पाहून बांधली. त्या जाळीनं माझी गाडी तापली अन् माझी माय गेली. वामन झटकतो म्हणत होता, मीच त्याले थांबवलं."

हसणं थांबलं.

फाटकाजवळून वामनराव चालत पुढे आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. शेठनंही चमकून पाहिलं.

"अन् बॉनेट मी खोललं," तो म्हणाला. "लोकं खोल म्हणाले, मी पुरं खोललं. पहिले माणूस उतरवाचा होता. मी पहिले बॉनेट खोललं."

तो आडदांड ट्रकवाला आता पुढे सरकला होता. त्याच्या हातातला पेढा तसाच होता. हळू आवाजात त्यानं विचारलं, "मंग भाऊ, किती खोलाचं?"

वामनरावानं उजवा हात वर केला. न सरळ होणारी दोन बोटं एकमेकांजवळ आणली, जितकी येत होती तितकी, आणि मधली फट सगळ्यांना दिसावी म्हणून हात हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला.

"इतकं," तो म्हणाला. "माती जाईल, इतकंच."